मिऱ्यांच्या पेठेत चार दिवस

बँकेच्या सेवेत असताना वर्तमानपत्रातील बाजारभावाचे पान वाचणे हा माझ्या कामाचाच एक भाग होता. हळद म्हटली की सांगली, गूळ म्हटला की कोल्हापूर, बेदाणा म्हटला की तासगाव आणि मिरे म्हटले की कोची. ही गावे त्या पानावर एकमेकांच्या शेजारी नांदत असत. पहिली तिन्ही गावे घरच्या अंगणातली. कोचीशी मात्र माझा परिचय केवळ आकड्यांपुरता होता. ज्या गावाचा भाव पस्तीस वर्षे वाचला, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, गेल्या पौषात फळास आली.

निघताना पिशवीत कपड्यांबरोबर एक कागदही होता. आमच्या आजोबांनी सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची अडत सुरू केली. वडिलांनी ती वाढवली. मी नोकरीत गेलो आणि मोटाभाईंनी एकट्याने ती २००८ पर्यंत ओढली. त्यानंतर दुकान बंदच होते. २०१९ च्या महापुरात आत पाणी शिरले आणि माळ्यावरच्या तेवढ्या चोपड्या वाचल्या. आता मोटाभाईंनी गिऱ्हाईक पाहून विक्रीच्या कराराचा मसुदा माझ्याकडे सहीसाठी पाठवला होता. हिशेबाने व्यवहार चोख होता. तरीही चार महिने माझ्याकडून सही होत नव्हती, आणि का होत नाही हे मला मोटाभाईंना सांगता येत नव्हते. "प्रवासात निवांतपणी वाचा," असे म्हणून सौभाग्यवतींनी तो कागद पिशवीत घातला.

समुद्राने दिलेले बंदर

मिरजेवरून जाणाऱ्या पुणे–एर्नाकुलम गाडीने आम्ही निघालो. लोंड्यानंतर घाट उतरून गाडी मडगावला येते आणि तेथून पुढे कोकण रेल्वेच्या मार्गाने समुद्राला समांतर धावते. एर्नाकुलम हा कोचीचा जमिनीकडचा, आधुनिक भाग. जुने गाव म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, ते खाडीच्या पलीकडे. रस्त्याने पूल ओलांडून जाता येते, परंतु या गावात प्रथम पाण्यावरूनच प्रवेश करावा. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोट अवघ्या काही रुपयांत वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते. २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटींची 'वॉटर मेट्रो'ही सुरू झाली आहे. आम्ही जुन्या बोटीने गेलो. शाळकरी मुले, टोपल्या घेतलेल्या बाया, कार्यालयात निघालेले कारकून यांच्यात बसून जाताना बंदराची सारी रचना डोळ्यांपुढे उलगडत जाते.

ही रचना समजली तर कोचीचा इतिहास समजतो. प्राचीन काळी मिऱ्याचा व्यापार येथून उत्तरेकडील मुझिरिस बंदरातून चाले. मिऱ्यापायी रोमचे सोने भारताकडे वाहते, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनीने दोन हजार वर्षांपूर्वी केली आहे. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसच्या परिसरातील जुने बंदर गाळाने बुजले आणि कोचीजवळ समुद्राला नवे मुख फुटले, असे मानले जाते. एका पुराने एक पेठ बुडवली आणि दुसरी वसवली. कृष्णेचा पूर पाहिलेल्या आम्हा सांगलीकरांना हे पटवून द्यावे लागत नाही.

फोर्ट कोचीच्या धक्क्यावर उतरताच प्रसिद्ध चिनी जाळी दिसतात. कोचीच्या प्रत्येक चित्रात जी असतात, तीच ही. सागवान व बांबूच्या वाशांनी बांधलेला अजस्र तराजूच म्हणा ना. एका बाजूला पाण्यात उतरणारे जाळे, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले मोठमोठे दगड. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला तरी जाळे खाली जाते, आणि वर घेण्यासाठी मात्र चार-सहा जणांना दोर ओढावे लागतात. त्या तोलाचे कौतुक वाटते. परंतु त्याचे प्रयोजन आपल्या मनाला टोचत राहते, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. लगतच मासळीचा बाजार भरतो. म्हणून आम्ही फार वेळ न थांबता सूर्यास्ताच्या सुमारास दुरून ती जाळी पाहिली. तांबड्या आकाशावर उमटलेली त्यांची काळी आकृती विसरता येत नाही.

तेथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी ते उभारले. वास्को द गामा १५२४ मध्ये तिसऱ्यांदा भारतात आला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कोचीत वारला. त्याचे दफन याच चर्चमध्ये झाले. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, पण येथील थडग्याची शिळा कठड्याआड अजून आहे. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, १७९५ मध्ये इंग्रजांनी. सत्ता बदलली की याच वास्तूचा पंथ बदले. छतापासून टांगलेले, दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे तेथे अजून पाहायला मिळतात. बाहेर उभा राहून ते पंखे ओढणारा माणूस कोण असेल, हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला. थडग्यावर नाव आहे ते वास्कोचे. त्या पंखेवाल्याचे नाव कोठेही नाही.

एका वस्तीतील दोन सिनेगॉग

दुसऱ्या दिवशी मट्टांचेरी. येथील राजवाड्याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ मध्ये, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी पुढे त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचे पडले. बाहेरून साधी दिसणारी ही वास्तू आत भित्तिचित्रांनी उजळलेली आहे. रामायणातील प्रसंग वनस्पती व खनिजांच्या रंगांत भिंतभर रंगवलेले आहेत. गेरू, हिरवा व पिवळा हे रंग चार शतकांनंतरही डोळ्यांना गार वाटतात. शुक्रवारी हे संग्रहालय बंद असते.

राजवाड्याच्या आवारात देवीचे मंदिर आहे आणि त्याला लागूनच यहुद्यांचे परदेशी सिनेगॉग. १५६८ मध्ये, राजाने राजवाड्याशेजारी दिलेल्या जागेवर ते उभे राहिले. आपल्याकडे अलिबागकडचे बेने इस्रायली आणि पुण्याचे 'लाल देऊळ' यांमुळे हा समाज अगदीच अपरिचित नाही. सिनेगॉगमध्ये पादत्राणे बाहेर काढून जावे लागते. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. एक फरशी दुसरीसारखी नाही असे सांगतात, आणि अर्धा तास वाकून पाहूनही आम्हाला जोडी सापडली नाही. वर काचेची झुंबरे, बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा. शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

हे यहुदी मिऱ्याच्या व्यापारातील मोठे दलाल व सावकार. राजाचा, डचांचा आणि शेतकऱ्याचा अशा तिन्ही बाजूंचा विश्वास त्यांनी कमावला होता. इस्रायलची स्थापना झाल्यावर १९५० च्या दशकात बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. कोणी त्यांना हाकलले नव्हते. येथील राजांनी त्यांचा छळ केल्याचा इतिहास नाही. ती आपल्या श्रद्धेच्या भूमीकडे गेली, एवढेच. आज या वस्तीत त्या समाजाची माणसे जवळजवळ उरलेलीच नाहीत. रस्त्याचे नाव 'ज्यू टाउन' आहे, घरांच्या खिडक्यांच्या गजांवर षट्कोनी तारा आहे, आणि दुकानांत पश्मिना शाली व जुन्या पितळी वस्तू विकणारे परप्रांतीय व्यापारी आहेत.

बहुतेक प्रवासी येथून परत फिरतात. आम्ही त्याच रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेलो. तेथे याच समाजाचे दुसरे सिनेगॉग होते, कडवुंभागम नावाचे. परदेशी सिनेगॉगपेक्षाही ते जुने मानले जाते. माणसे गेल्यावर वास्तू हातोहात फिरली, गोदाम म्हणून वापरली गेली आणि २०१९ च्या पावसाळ्यात तिचा मोठा भाग कोसळला. त्याच पावसाळ्यात आमच्या दुकानात कृष्णेचे पाणी शिरले होते. मी त्या भग्न भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिलो.

दोन्ही वास्तू एकाच श्रद्धेच्या, एकाच वस्तीतल्या. दोन्हींचे भाविक निघून गेले. तरीही एक आरशासारखी लखलखीत आणि दुसरी जमीनदोस्त. बँकेत तीस-पस्तीस वर्षे तारण मालमत्ता तपासल्यामुळे असेल, माझ्या मनात प्रश्न आला तो व्यवस्थेचा. पहिल्या वास्तूला मागे राहिलेले मूठभर लोक, विश्वस्त आणि पाहायला येणाऱ्यांचा अल्प आकार लाभला. दुसरीच्या बाबतीत जाणाऱ्यांच्या पश्चात ती सांभाळणारी व्यवस्थाच टिकली नाही. श्रद्धा कमी पडली असे म्हणवत नाही. तरतूद कमी पडली.

वखारींचा रस्ता आणि गुजराती रोड

मट्टांचेरीचा खरा जीव बाजार रोडवर आहे. खाडीला समांतर जाणारा हा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना जाड भिंतींच्या, कौलारू वखारी. खाडीकडच्या वखारींना दोन दारे असतात, एक रस्त्यावर आणि एक पाण्यावर. पूर्वी वळ्ळम नावाच्या लांब होड्यांतून मलबारच्या आतल्या भागातून माल येई, मागच्या दाराने वखारीत पडे, तेथे वाळवून, चाळून, पोती भरून पुन्हा पाण्यानेच जहाजावर जाई. आज बहुतेक वखारींची कुलपे गंजली आहेत. काहींत उपाहारगृहे निघाली आहेत, तर काहींत २०१२ पासून भरत आलेल्या कला-महोत्सवाची चित्रे लागतात. पण मधूनच एखादे दार उघडे दिसते आणि सुंठ, वेलदोडा, जायपत्री यांचा वास अंगावर येतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "हा तर आपल्या गणपती पेठेचा वास." हळदीचा वास नव्हता, तरी त्यांचे म्हणणे खरे होते. सगळ्या घाऊक पेठांना तागाच्या पोत्यांचा आणि जुन्या लाकडाचा एक समान वास असतो.

एका उघड्या वखारीत मी आत डोकावलो. सुंठेचे ढीग लावलेले होते. कोचीची सुंठ जगभर नावाजलेली. आपल्या घरांत ओले आले वर्ज्य आणि सुंठ ग्राह्य, म्हणून तिचे महत्त्व आपल्याला अधिकच. तेथील मुकादमाने मिऱ्याचा दर्जा कसा पाहतात ते हौसेने दाखवले. लिटरचे माप मिऱ्याने भरायचे आणि वजन करायचे. दाणा भरीव असेल तर माप सुमारे ५५० ग्रॅम भरते, पोकळ असेल तर कमी. चाळून, खडे व फोलपटे काढून स्वच्छ केलेल्या मालाला येथे 'गार्बल्ड' म्हणतात. हा शब्द मूळचा चाळणीसाठीच्या अरबी शब्दावरून आलेला. म्हणजे अरबांनी चाळणी आणली, इंग्रजांनी तिच्यावरून मालाचा दर्जा ठरवला आणि मल्याळी मुकादम तो शब्द आजही रोज वापरतो.

जवळच मिऱ्याचा वायदेबाजार भरवणाऱ्या व्यापारी संघटनेची इमारत आहे. १९५७ मध्ये ही संस्था स्थापन झाली. येथे दलाल मोठ्याने ओरडून भाव बोलत, दुसऱ्या हातात दूरध्वनी धरून परगावच्या पेढ्यांशी बोलत. आमच्या पेठेत पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून हळदीचा सौदा होई, असे वडील सांगत. एका पेठेत आरोळी, दुसरीत मौन, पण दोन्हींच्या मुळाशी बोललेला शब्द न फिरवण्याचा दंडक. पुढे व्यवहार संगणकावर गेले, मग देशव्यापी बाजारांकडे वळले आणि येथील आरोळ्या थांबल्या. व्हिएतनाम हा आता मिऱ्याचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे. तरीही भारतातील मिऱ्याचा भाव सांगताना अजून कोचीचेच नाव घेतले जाते.

बाजार रोडवरून आत वळले की गुजराती रोड लागतो. कच्छ-सौराष्ट्रातील व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून गलबतांनी येथे येत राहिले आणि स्थायिक झाले. त्यांची शाळा, वैष्णव मंदिर, मिठाईची दुकाने आणि मध्यभागी पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवंतांचे देरासर. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे हे शुभ्र मंदिर, केरळच्या कौलारू छपरांत आपले शिखर उंचावून उभे आहे. दर्शन घेतले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. आवारात काही माणसे दाण्याच्या पराती घेऊन उभी होती. कोणी घंटा वाजवली आणि आसपासच्या साऱ्या वखारींच्या छपरांवरून कबुतरे उठली. शिखराभोवती घिरट्या घालून ती आवारात उतरली, तेव्हा पंखांच्या वाऱ्याने सौभाग्यवतींचा पदर उडाला. हा दाणा येथे रोज न चुकता टाकला जातो.

दाणा टाकणाऱ्यांत एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ होते. जय जिनेंद्र झाले. त्यांच्या गुजरातीत मल्याळम शब्द आणि माझ्या गुजरातीत मराठी, त्यामुळे पहिली दोन मिनिटे दोघेही हसत होतो. सांगलीचा आहे म्हटल्यावर त्यांनी प्रकृतीची वा प्रवासाची विचारपूस न करता पहिला प्रश्न केला, "राजापुरी काय भाव?" मला नेमका भाव ठाऊक नव्हता, याची त्या क्षणी फार लाज वाटली. त्यांच्या वडिलांच्या काळी सांगलीची हळद येथे येत असे आणि येथून मिरे तिकडे जात.

त्यांनी आग्रहाने घरी नेले. आजोबा मांडवीहून आलेले. तीन पिढ्या मिरे व सुंठ. एक मुलगा बंगळुरूला संगणकाच्या कामात, दुसरा दुबईत. वखार बारा वर्षांपूर्वी बंद करून त्यांनी ती जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला भाड्याने दिली होती. मी भीत भीत विचारले, "काका, बंद करताना जिवावर आले असेल?"

ते म्हणाले, "हिशेब केला, साहेब. व्यापारापेक्षा भाडे जास्त येत होते. मुलांना यायचे नव्हते. बंद केली. माल नसलेल्या वखारीला कुलूप लावून काय जपायचे?"

"आणि हा रोजचा दाणा?"

"तो कसा बंद होईल? धंदा माझ्या दादाचा होता, तो मिटवायचा हक्क मला होता. दाणा महाजनाचा आहे. माझ्या हिश्श्याची रक्कम बाजूला ठेवली आहे. मी नसलो तरी माझी तिथी चुकणार नाही."

काकूंनी ताटे वाढली. जेवणानंतर त्यांनी सौभाग्यवतींच्या हाती मिऱ्याची एक पुडी ठेवली. "बेन, लिटरला साडेपाचशे भरतील," काका म्हणाले. घर सोडताना मी त्यांना सांगलीचा हळदीचा भाव फोन करून कळवण्याचे कबूल केले.

प्रवाशांना सहसा न दिसणारे

तिसऱ्या दिवशी चेरळाई भागात गेलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे येथे वसली. त्यांचे तिरुमल देवस्थान हे मोठे, शांत, स्वच्छ मंदिर. परिसरातील दुकानांत पापड-लोणची विकणारे लोक आपसात कोंकणी बोलत होते. मी मराठीत किंमत विचारली, दुकानदाराने कोंकणीत सांगितली, आणि व्यवहार पुरा झाला. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीचे तीन कोंकणी विद्वान त्या कामात होते. त्यांनी दिलेला दाखला त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेला आहे. घरदार सोडून आलेल्या माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांत परमुलखात एवढी प्रतिष्ठा मिळवावी, हे व्यापारी समाजांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच दिवशी फोर्ट कोचीतील वेळी येथील धोबीखाना पाहिला. डचांनी सैनिकांचे गणवेश धुण्यासाठी तमिळ मुलखातून परिटांची कुटुंबे आणली, असे सांगतात. त्यांचे वंशज आजही येथे एका छपराखाली, आपापल्या ठरलेल्या दगडावर कपडे धुतात. कपडे वाळत घालताना चिमटा लागत नाही. काथ्याच्या दोन दोऱ्यांना पीळ दिलेला असतो, त्या पिळात कापडाचे टोक अडकवले की वारा कितीही असो, ते सुटत नाही. तांदळाच्या पेजेची खळ आणि जड इस्त्री. एका वृद्ध परिटाने माझा सदरा इस्त्री करून दिला आणि बँकेतील माणसाच्या नजरेने पाहत असता मला दिसले की ग्राहकाचे नाव न लिहिता केवळ दोऱ्याच्या खुणेवर शेकडो कपड्यांचा हिशेब तेथे बिनचूक चालतो.

चौथ्या दिवशी बोटीने विलिंग्डन बेटाला वळसा घेतला. हे बेट निसर्गाने दिलेले नाही. रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० मध्ये कोचीत आला. बंदराच्या मुखाशी वाळूचा आडवा बांध होता, म्हणून मोठी जहाजे बाहेरच थांबत. ब्रिस्टोने तो बांध कापून खोल मार्ग केला, १९२८ मध्ये 'पद्मा' नावाचे जहाज आत आले आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभे राहिले. ब्रिस्टोच्या नव्या धक्क्यांमुळे मट्टांचेरीच्या वखारींचे महत्त्व घटू लागले. २०११ मध्ये वल्लारपाडमला कंटेनरचे बंदर झाल्यावर विलिंग्डनचाही बराच माल तिकडे गेला. मुझिरिसकडून मट्टांचेरी, मट्टांचेरीकडून विलिंग्डन, विलिंग्डनकडून वल्लारपाडम. व्यापाराने कोणत्याही धक्क्याशी कायमचा करार केलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा दमट असते, पण सुसह्य. चिनी जाळी, चर्च, राजवाडा व सिनेगॉग एका दिवसात पाहून होतात. मात्र मट्टांचेरीसाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा आणि दुपारी बाराच्या आधी देरासरात पोहोचावे. गुजराती रोड परिसरात शुद्ध शाकाहारी भोजनाची सोय होते. इतरत्र 'उळ्ळि वेण्डा', म्हणजे 'कांदा नको', एवढे दोन शब्द पाठ करून जावेत. ते ऐकून वाढपी प्रथम हसतो आणि मग काळजीने वाढतो. थंडीच्या दिवसांत सूर्यास्त साधारण सव्वासहा-साडेसहाला होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी फोर्ट कोचीचा सूर्यास्त पाहण्याआधीच जेवण उरकावे, म्हणजे किनाऱ्यावर निश्चिंत बसता येते. केळ्याचे काप व मसाले घेताना पर्यटकांच्या दुकानांपेक्षा बाजार रोडवर चौकशी करावी.

परतीच्या गाडीत मी पिशवीतील कागद काढला. मसुद्यात अखेरीस एक ओळ होती. ओट्यावरील रांजण व तत्सम वस्तू विकणाराने स्वखर्चाने हलवाव्यात. चार महिने माझी सही कोठे अडली होती, ते मला तेव्हा कळले. आजोबांनी हमालांसाठी आणि गाडीवानांसाठी दुकानाच्या ओट्यावर गाळलेल्या पाण्याची पाणपोई सुरू केली होती. दुकान बंद झाल्यावरही मोटाभाईंनी एका माणसाकरवी रांजण रोज भरवून ठेवला. मला दुकान विकायचे नव्हते असे नव्हे. दुकानाबरोबर पाणी विकले जाणार होते, ते मनाला रुचत नव्हते.

मडगाव मागे पडल्यावर मोटाभाईंना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही तेच होत होते. तू हिशेबाचा माणूस, तू काही सांगशील म्हणून थांबलो होतो." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला सुचेल तेच मी सुचवले. विक्रीच्या रकमेतून एक ठेव बाजूला काढायची. तिच्या व्याजातून पाणी भरणाऱ्याचा पगार, रांजण आणि गाळण्याचे कापड यांचा खर्च भागेल. ठेवीवर आमच्या दोघांची आणि दोन्ही घरांतील एकेका मुलाची नावे असतील. पेठेच्या कोपऱ्यावरील शेजाऱ्यांनी आपल्या ओट्यावर जागा दिली.

फाल्गुनात सही झाली. दुकानावर आता दुसरी पाटी आहे, आणि ते योग्यच आहे. रांजण वीस पावले पुढे सरकला आहे. मी सकाळी फिरायला जाताना तेथे थांबून पाणी पितो, आणि हळदीचा भाव विचारून घेतो. महिन्यातून एकदा तो कोचीला फोन करून कळवायचा असतो.